सबंध पानात एकच एंटर

संध्या पेखळे यांचा हात चुकतो, असं म्हणायची द्राक्ष संघाच्या कचेरीत कुणाची छाती नव्हती. बावीस वर्षं त्या दिंडोरी रोडवरच्या त्या अडीच खोल्यांत टायपिस्ट होत्या. या काळात तीन अध्यक्ष आले आणि गेले, कचेरीचे पत्रे बदलले, पण संध्याताईंच्या कागदावर खाडाखोड कधी दिसली नाही. एखादं अक्षर चुकलंच तर कागद टराटरा फाडून त्या पुन्हा पहिल्यापासून टाइप करायच्या, आणि त्या वेळी त्यांच्या टेबलाजवळून जायलाही लोक घाबरायचे.

टायपिंगच्या सरकारी परीक्षेत तक्ता टाइप करायचा एक प्रश्न असायचा. चार रकाने, मोजून मापून, एकाखाली एक बसवायचे. या प्रश्नाला भलेभले गळपटायचे. संध्याताईंना त्यात पन्नासपैकी एकोणपन्नास गुण होते. तो एक गुण का कापला, याचा राग त्यांना अजून होता. रकाना जुळवायचा म्हणजे काय, तर जागा मोजायच्या आणि अंगठ्यानं स्पेसची पट्टी तेवढ्या वेळा दाबायची. सात म्हणजे सात, एकवीस म्हणजे एकवीस. बोलता बोलतासुद्धा त्यांचा अंगठा बरोबर मोजायचा.

दोन हजार साली संघात कॉम्प्युटर आला. संघानं त्यांना पंधरा दिवसांच्या क्लासला पाठवलं. तिथल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "टाइपरायटरवाल्यांनी एक सवय सोडायची. ओळ संपली की एंटर मारायचा नाही. इथं ओळ आपोआप खाली उतरते." संध्याताईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं. इतकी वर्षं ओळ संपली की डाव्या हातानं दांडा ढकलणाऱ्या बाईनं तो हात त्या दिवसापासून मांडीवर ठेवला. तक्ता करतानाही त्या ओळीच्या शेवटी एंटर मारायच्या नाहीत. उजवी कड येईपर्यंत स्पेस मारत जायच्या. कड आली की पुढचं अक्षर आपोआप खालच्या ओळीत जाऊन बसायचं. पडद्यावर सगळं कसं रेघेत दिसायचं. कागदावरही तसंच यायचं. मग कुणाला काय कळणार?

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात संघानं छाटणीनंतरचं फवारणीचं वेळापत्रक छापायला घेतलं. एक मोठा कागद, त्यावर बेचाळीस ओळी: छाटणीनंतरचा कितवा दिवस, कोणतं औषध, कशासाठी आणि लिटरला किती. शेतकऱ्यानं तो पंपाच्या खोलीत भिंतीला चिकटवायचा आणि त्याबरहुकूम फवारायचं. बाराशे प्रती शनिवारच्या मेळाव्यात वाटायच्या होत्या, कारण सोमवारपासून गावोगाव छाटण्या सुरू होणार होत्या. मजकूर शास्त्रज्ञांनी हातानं लिहून दिलेला होता. संध्याताईंनी तो टाइप केला, तीनदा ताडून पाहिला आणि फ्लॉपी सातपूरच्या प्रेसमध्ये गेली.

फ्लॉपी देताना संघाचे सचिव यादवराव निमसे चष्म्यावरून बघत म्हणाले होते, "ताई, अध्यक्ष म्हणत होते, टायपिंगचं काम बाहेर ठेक्यानं द्यावं. स्वस्त पडतं. मी म्हटलं, एवढं वेळापत्रक होऊ द्या. ते नीट निघालं तर ताईंची खुर्ची पक्की. नाही निघालं, तर मग मलाही बोलता यायचं नाही."

संध्याताईंनी फ्लॉपीवरचं लेबल सरळ केलं. त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती आणि घर त्या खुर्चीवर चालत होतं. पण काळजी म्हणावी तर तीही नव्हती. बेचाळीस ओळींचा तक्ता होता, आणि तक्त्यात त्यांना कोण हरवणार?

गुरुवारी दुपारी प्रेसकडून पन्नास प्रती नमुन्याला आल्या. यादवरावांनी वरचं आपलं मनोगत वाचलं, खालची आपली सही बघितली, खूश झाले आणि कचेरीत येईल त्याला एकेक प्रत वाटू लागले. मधल्या बेचाळीस ओळी वाचण्याचं काम त्यांनी शेतकऱ्यांवर सोडलं होतं.

चारच्या सुमाराला भागीबाई आली. दिंडोरीकडच्या खेड्यातली, दीड एकर बाग असलेली, पन्नाशीची खमकी बाई. मागून तिचा नवरा धोंडीराम, नेहमीप्रमाणे गप्प. भागीबाईनं तो कागद संध्याताईंच्या टेबलावर आपटला.

"कोणी लिवलं हे?"

"का? काय झालं?"

"आमच्यात मी वाचते आन् हे औषध वततात. म्हणून इचारते. लिटरला दोन ग्रॅम जीए? बाई, घड लांबवायच्या ह्या जीएची पुडी एवढीशी येती." भागीबाईनं करंगळीचं टोक दाखवलं. "एक ग्रॅमची. ती स्पिरिटात इरघळून शंभर लिटर पाण्यात टाकायची. तुमच्या कागदापरमानं मी दोन ग्रॅम एका लिटरात टाकू? घडाचं पार वाटोळं होईल. आमी तर जुने हाय, आमाला कळतं. ज्यानं पह्यल्यांदा बाग लावली, त्यानं काय करायचं?"

संध्याताईंनी कागद ओढून घेतला. गंधकापुढचं 'लिटरला दोन ग्रॅम' खाली घसरून जीएच्या ओळीत जाऊन बसलं होतं. जीएचं 'लिटरला दहा मिलिग्रॅम' त्याच्याही खालच्या ओळीत गेलं होतं. तिथून पुढे प्रत्येक औषधाच्या पानात दुसऱ्याच्या ताटातलं वाढलेलं. एकोणतीस ओळी अशा.

त्यांनी घाईघाईनं कॉम्प्युटर सुरू करून आपली फाइल उघडली. पडद्यावर सगळं जिथल्या तिथं होतं. गंधकापुढे दोन ग्रॅम, जीएपुढे दहा मिलिग्रॅम.

"बघा!" संध्याताई जवळजवळ ओरडल्या. "माझं बरोबर आहे. हा गोंधळ प्रेसनं घातलाय."

यादवराव धावत आले, पडद्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि त्यांनी घाम पुसला. वाटलेल्या प्रती परत मागवण्यासाठी त्यांनी गड्याला पिटाळलं आणि प्रेसला फोन लावला. पण बोलणार कोण, तर संध्याताई. फोनवर शुभांगी होती. प्रेसमधलं अक्षरजुळणीचं काम तीच बघायची.

"अहो, काय छापलंय हे? डोळे मिटून काम करता का तुम्ही लोक?"

"ताई, आम्ही तुमच्या मजकुराला बोटही लावलं नाही," शुभांगी शांतपणे म्हणाली. "तुमच्या अक्षरांच्या वळणाचा तो टाइप आमच्याकडे नाही, म्हणून त्याच जातीतला दुसरा लावला. थोडा रुंद आहे, एवढंच. बाकी जसं आलं तसं छापलं."

"मग माझ्या पडद्यावर बरोबर कसं दिसतं?"

"ते मला इथून कसं दिसेल? उद्या सकाळी या. अकराला मशीन लागणार आहे. एक वाजता दुसऱ्याचं काम चढतं, तेव्हा त्याच्या आत काय ते बघू."

संध्याताईंनी फोन आदळला. त्या रात्री त्यांना झोप कशी लागली ते विचारू नका. मनातल्या मनात त्यांनी शुभांगीला ऐकवायच्या वाक्यांचा एक तक्ताच तयार केला होता, आणि त्यात एकही खाडाखोड नव्हती.

शुक्रवारी सकाळी साडेआठची बस. डबे घेतलेल्या कामगारांच्या गर्दीत उभ्यानं त्या सातपूरला पोचल्या. प्रेस म्हणजे एक पत्र्याची शेड. एका बाजूला लेथची वर्कशॉप घरघरत होती, दुसऱ्या बाजूला खोक्याचा कारखाना. शुभांगी तिशीतली, बारीक चणीची, ओढणी कमरेला खोचलेली बाई निघाली. तिनं आधी चहा मागवला. त्यामुळे संध्याताईंची पहिली दोन वाक्यं वाया गेली.

"बसा, ताई. मी फाइल उघडते."

पडद्यावर तो घसरलेला तक्ता आला. संध्याताईंनी बोट रोखलं. "हे बघा. हेच. मी असं केलेलं नाही."

"थांबा हं. आधी फाइलीच्या अंगावरचे कपडे काढून बघू," शुभांगी म्हणाली आणि तिनं वरच्या पट्टीतलं एक बटण दाबलं. त्या बटणावर इंग्रजीतल्या उलट्या पीसारखी, पोट भरलेली, दोन पायांची एक खूण होती. संध्याताईंच्या कॉम्प्युटरवरही ते बटण होतं. ते कशाचं आहे हे क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितल्याशिवाय बटण दाबायचं नाही, ही त्यांची शिस्त होती.

पडदा एकदम बुजबुजला. शब्दांच्या मध्ये, ओळींच्या शेवटी, जिथे कोरी जागा होती तिथे सगळीकडे बारीक बारीक ठिपके. साखर सांडल्यावर मुंग्या याव्यात तसे.

"अगं बाई! व्हायरस का हा?"

शुभांगी हसली. "नाही हो. हे ठिपके म्हणजे स्पेस. तुम्ही पट्टी जितक्या वेळा दाबली तितके ठिपके. ते फाइलीत कायमच असतात, पण एरवी कॉम्प्युटर लपवून ठेवतो. कागदावर तर उमटतच नाहीत. हे बटण दाबलं की दिसतात, पुन्हा दाबलं की गुडूप."

तिनं बटण दाबलं. मुंग्या गेल्या. पुन्हा दाबलं, आल्या.

संध्याताई पुढे वाकल्या. गंधक हे औषध आणि भुरी हा रोग यांच्यामध्ये सात ठिपके. त्यांनी मोजले. बरोबर सात. पुढे एकवीस. अंगठा चुकला नव्हता. पण हे सगळं असं उघड्यावर मांडलेलं पाहून त्यांना कसंसंच झालं. आपली कपाटाची खालची फळी परक्या बाईनं उघडावी तसं.

"आता हे बघा," शुभांगी म्हणाली. "ओळ संपली, एंटर मारला, की या बटणावरचीच खूण तिथं उमटते. तुमच्या तक्त्यात ती शोधा."

संध्याताईंनी पहिल्या ओळीचा शेवट पाहिला. ठिपके. दुसरीचा पाहिला. ठिपके. तिसरी, चौथी, दहावी. त्या खाली खाली जात राहिल्या. पान संपता संपता, बेचाळिसाव्या ओळीच्या शेवटी, एक एकटी खूण उभी होती.

"ताई, तक्त्याच्या या सबंध पानात एंटर एकच आहे," शुभांगी म्हणाली. "कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ही एकच लांबलचक ओळ. तुमच्या टाइपात ती मोजून दुमडत होती, म्हणून ठीक दिसायचं. आमचा टाइप थोडा रुंद, म्हणून ती भलतीकडे दुमडली. गंधकाचे दोन ग्रॅम काठावर होते, ते खाली पडले, आणि त्यांच्यामागे स्पेसची रांग आणि मग जीए. एक घसरलं की पाठचे सगळे घसरले."

संध्याताई त्या एकट्या खुणेकडे बघत राहिल्या. मशीनजवळचा माणूस कागदाचे गठ्ठे झटकत होता. त्यांच्या डोक्यात मास्तरांचं वाक्य घुमत होतं आणि वहीतल्या त्या दोन रेघा. ते मजकुराबद्दल सांगत होते, तक्त्याबद्दल नव्हे. एवढा साधा फरक विचारायला तोंड उघडलं असतं तर? पण एकोणपन्नास गुणवाल्या बाईनं तक्त्याबद्दल विचारायचं म्हणजे काय!

"म्हणजे माझंच चुकलं," त्या अखेर म्हणाल्या. कालपासून तयार केलेल्या वाक्यांत हे वाक्य नव्हतं.

"चुकलं कसलं? टाइपरायटरवरून आलेल्या सगळ्यांच्या फाइलींत ठिपक्यांच्या रांगाच असतात. मी रोज तेच निस्तरते. एंटर अजिबात नाही, असं मात्र पहिल्यांदाच बघितलं." शुभांगीनं खुर्ची सरकवली. "दीड तास आहे. तुम्ही करा, मी सांगते. प्रमाणं तुम्हाला पाठ आहेत, माझ्यापेक्षा तुमचा हात बरा."

आणि मग संध्याताई बसल्या. शुभांगीनं आधी एक युक्ती दाखवली. जिथे जिथे दोन ठिपके लागोपाठ असतील तिथे कॉम्प्युटरनंच एक बाण घालायचा. एका झटक्यात शेकडो ठिपके उडाले आणि बाण आले. मग दोन बाण लागोपाठ असतील तिथे एक. हे चार-पाचदा केलं आणि दर रकान्याला एकच बाण उरला. कुठे कुठे बाणाला चिकटून एखादा ठिपका राहिला होता, तो संध्याताईंनी हातानं टिपला. बाण म्हणजे, शुभांगीनं सांगितलं, ठरलेल्या जागेवर जाऊन उभं राहायचा हुकूम. टाइप रुंद असो की अरुंद, तो जागा सोडत नाही.

"हे टाइपरायटरवर पण होतं की," संध्याताई म्हणाल्या. "टॅबची कळ. आमच्या बाई म्हणायच्या, ती आळशांसाठी असते."

मग राहिले एंटर. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक. संध्याताईंनी पहिला दाबला. ओळ तुटली, खूण उमटली, जीए आपल्या जागेवर आलं. त्याच्यापुढे दहा मिलिग्रॅम. दुसरा दाबला, तिसरा दाबला. वर्षभर मांडीवर पडून राहिलेल्या त्या हाताला काम मिळालं होतं आणि तो खुशीत येऊन कळ जरा जोरातच हाणत होता. एक्केचाळीस वेळा. शेवटची खूण उमटल्यावर त्यांनी शुभांगीला सांगितलं, "आता टाइप बदला. तुमच्याकडे असेल नसेल तो सगळ्यात जाड लावा."

शुभांगीनं जाड लावला. रकाने जागचे हलले नाहीत. बारीक लावला, हलले नाहीत. तिरपा लावला, तरी जीएपुढे दहा मिलिग्रॅमच. संध्याताईंचा जीव भांड्यात पडला. आता त्यांना इतकी भूक लागली, की शुभांगीच्या डब्यातली अर्धी पोळी त्यांनी न लाजता खाल्ली.

"ठिपके बंद करू?" शुभांगीनं विचारलं. "आमचे मालक तर म्हणतात, डोळ्यांना त्रास होतो."

"राहू देत," संध्याताई म्हणाल्या. "दिसलेले बरे."

शास्त्रज्ञांच्या हस्तलिखिताशी बेचाळीसच्या बेचाळीस ओळी त्यांनी ताडल्या, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. अकरा वाजून पाच मिनिटांनी मशीन सुरू झालं. पहिली प्रत ओली असतानाच त्यांनी हातात घेतली, शाई बोटांना लागली, तरी सोडली नाही.

शनिवारी कचेरीच्या अंगणात मांडव घातला होता. तीनेकशे शेतकरी जमले होते. शुभांगी स्वतः टेम्पोत बसून गठ्ठे घेऊन आली होती आणि मागे भिंतीला टेकून उभी होती. प्रती वाटून झाल्या. यादवरावांनी माइक हातात घेतला.

"परवा काही प्रती चुकीच्या गेल्या, त्या सगळ्या परत आल्यात. प्रेसच्या हलगर्जीपणामुळे तो प्रकार झाला. पण आपल्या कचेरीनं तो वेळेत पकडला. यापुढं त्या प्रेसला संघाचं काम मिळणार नाही, हे मी अध्यक्षांच्या वतीनं सांगतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याताईंनी मागे वळून पाहिलं. शुभांगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शुक्रवारी संध्याताईंनी यादवरावांना 'दुरुस्त झालं' एवढंच सांगितलं होतं. कसं बिघडलं ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि यांनी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. कागद स्वच्छ होता. ठिपके कागदावर उमटत नाहीत. आता गप्प बसलं की खुर्ची पक्की. घर, पोराचं कॉलेज, सगळं पक्कं.

गप्प बसणं इतकं सोपं होतं, की त्याचीच त्यांना भीती वाटली. त्या उठल्या. माइकपर्यंत जाताना साडीच्या निऱ्या दोनदा पायात आल्या.

"चूक प्रेसची नव्हती," त्या म्हणाल्या. आवाज इतका मोठा आला की त्या स्वतःच दचकल्या. "माझी होती. मी तक्ता चुकीच्या पद्धतीनं टाइप केला. पडद्यावर बरोबर दिसायचा, म्हणून मला कळलं नाही. या शुभांगीताईंनी मला तो दाखवला आणि दुरुस्तही करून घेतला. तेही छपाई सुरू व्हायच्या आत. त्यांचं काम बंद करू नका. काय करायचं ते माझं करा."

मांडवात कुजबूज सुरू झाली. यादवरावांनी माइकवर हात ठेवला आणि दातओठ खात पुटपुटले, "ताई, काय गरज होती? आता अध्यक्षांना मी काय सांगू?"

त्यांना सांगायची वेळच आली नाही. पुढच्या रांगेतून भागीबाई उठली. तिच्या हातात नवा कागद होता. तिनं जीएच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "लिटरला धा मिलिग्रॅम. बरोब्बर हाय." मग बोट खाली खाली नेत तिनं पुढच्या पाचसहा ओळी वाचल्या, प्रत्येकीनंतर धोंडीरामकडे बघितलं आणि प्रत्येकीनंतर धोंडीरामनं मान हलवली.

"मंग आता काढायचं कोणाला?" भागीबाईनं यादवरावांना विचारलं. "बाईनं सोताहून सांगितलं. तुमी तर वाचलंबी नव्हतं. कागद मला दिला तवा तुमी म्हणाले होते, सही कशी झकास उठलीय बघा."

मांडव खदखदून हसला. धोंडीरामसुद्धा हसला. यादवरावांचे कान लाल झाले, पण माणूस तसा वाईट नव्हता. त्यांनी घसा खाकरला आणि माइकवर म्हणाले, "प्रेसचं काम चालू राहील. आणि पुढच्या छाटणीचं वेळापत्रक ताईच टाइप करतील. फक्त ताई, छापायच्या आधी एकदा मलाही वाचायला द्या."

संध्याताईंनी माइकपासून बाजूला होऊन पदर सावरला. मान खाली घालून त्या तशाच उभ्या राहिल्या. भागीबाई जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काय असतं वो ते, जे तुमाला आधी दिसत नव्हतं?"

"ठिपके," संध्याताई म्हणाल्या. "बारीक बारीक. माझेच."

"आन् आता दिसत्यात?"

"आता दिसतात."

"मंग झालं तर," भागीबाई म्हणाली आणि तिनं त्यांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. "बसा. लई येळ उभ्या हाय तुमी."